जुनी मोटार : दोघांची कीं सातांची?

घरांत सोन्याचा दागिना यावयाचा असला म्हणजे चार पेढ्यांवर भाव विचारला जातो, कस लावून पाहिला जातो आणि मगच गांठीचा पैसा सुटतो. परंतु जुनी मोटार घेण्याची वेळ आली कीं हींच विचारी माणसें तिच्या रंगावर व चकाकीवर भाळून पहिल्याच भेटींत विसार देऊन मोकळीं होतात. दागिना फसवा निघाला तर पैसाच जातो. मोटार फसवी निघाली तर काय काय जाऊं शकेल ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. म्हणून ह्या वेळचें सदर आम्हीं ह्याच विषयास द्यावयाचें ठरविलें आहे.

निमित्त एका पुणेकर कुटुंबाच्या पत्राचें आहे. घर एकत्र; आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, सुना व एक नात मिळून दहा माणसें. घरची लहान मोटार आतां थकली आहे. धाकट्या भावाचा मुलगा चार वर्षांपासून चांगला मिळवूं लागला असून त्याच्या मनांत २०१६ सालची ऑडी टीटी ही कूपे भरली आहे. त्याच्या थोरल्या काकांनीं २०१७ सालची डिझेलवर चालणारी टोयोटा फॉर्च्युनर ही एस्‌यूव्ही पाहून ठेविली आहे. दोहोंच्या किंमती जवळजवळ सारख्याच सांगण्यांत आल्या असून पैसा घरच्या सामाईक शिलकेंतून अर्धा व मुलाच्या बचतींतून अर्धा असा यावयाचा आहे. काका-पुतण्यांनीं आपापली बाजू मोठ्या मुद्देसूदपणें मांडली आहे. पत्राच्या अखेरीस थोरल्या सूनबाईंनीं वेगळ्या शाईनें एकच ओळ जोडली आहे : 'अंगणांत आमची तीन वर्षांची मुलगी खेळते, तेवढें ध्यानांत घेऊन लिहावें.' ह्या ओळीकडे आम्ही पुढें वळूंच.

प्रथम ह्या दोन मोटारींची जात समजून घेतली पाहिजे. 'कूपे' हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ 'कापलेली' असा आहे. घोड्यांच्या काळीं समोरासमोर बसण्याच्या बंद गाडीचा पुढला भाग छाटून जी दोघांपुरती गाडी करीत, तिला हें नांव मिळालें. कापलेपणाचा तो गुण आजच्या कूपेंतहि आहे. टीटीला दारें दोन. पुढें दोन माणसांची ऐसपैस सोय आणि मागें दोन आसनें आहेत खरीं, पण त्यांवर मोठ्या माणसानें बसणें म्हणजे शिक्षाच होय. तिचें नांव आइल ऑफ मॅन बेटावरील 'टूरिस्ट ट्रॉफी' ह्या प्रसिद्ध शर्यतीवरून पडलें. ह्या मोटारीचा पहिला अवतार १९९८ सालीं निघाला, तिसरा २०१५ मध्यें हिंदुस्थानांत आला आणि २०२३ च्या अखेरीस तिचें उत्पादन बंद झालें. पुतण्याच्या मनांतील मोटार ह्या तिसऱ्या अवताराची आहे. तिचें एंजिन दोन लिटरचें, सुमारें २३० अश्वशक्तीचें; उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती साडेपांच सेकंदांच्या आंत गांठते.

एस्‌यूव्हीचें कूळ निराळें. १९४१ सालीं युद्धासाठीं जन्मलेली जीप ही तिची आजी. ओबडधोबड रस्ता, नदीचा उतार, चिखल ह्यांतून माणसें व सामान नेणें हा तिचा मूळ धर्म. फॉर्च्युनर आपल्याकडे २००९ मध्यें आली व तिचें दुसरें रूप २०१६ च्या अखेरीस बाजारांत आलें. शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर तिचा देह बसविलेला असतो. आसनांच्या तीन रांगा, सात माणसें, २.८ लिटरचें एंजिन आणि दोन टनांच्या आसपास वजन. तीच शंभराची गति गांठावयास तिला कूपेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. टीटीची उंची सुमारें १३५ सेंटिमीटर, तर फॉर्च्युनरची १८४. ह्या अर्ध्या मीटरच्या फरकांतच दोघींचे बहुतेक गुण आणि दोष सांठविलेले आहेत.

मोटार ठेंगणी असली म्हणजे तिचा भारमध्य जमिनीजवळ राहतो. वळणावर ती कलत नाहीं, सुकाणूस चटकन् उत्तर देते, आणि एकाएकी आडवें आलेलें जनावर चुकवितांना उलटण्याचा संभव तिला फार कमी असतो. अमेरिकेंतील रस्ता-सुरक्षा खात्यानें ह्यासाठीं एक सोपें गणित रूढ केलें आहे : दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्यास भारमध्याच्या उंचीनें भागावयाचें. सामान्य मोटारींचा हा आंकडा १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांचा १.० ते १.३. आंकडा जितका लहान, तितकी उलटण्याची भीति मोठी. 'उंच मोटार म्हणजे सुरक्षित मोटार' हा काकांचा मुद्दा म्हणूनच जसाच्या तसा मान्य करतां येत नाहीं. समोरासमोरच्या टकरींत जड गाडींतील माणसांस थोडें संरक्षण अधिक मिळतें हें खरें. परंतु घाटांतील वळणावर टपावर सामान लादून वेगानें जाणाऱ्यास तीच उंची घातक ठरते.

तसाच 'ठेंगणी मोटार रस्ता सोडीत नाहीं' हा पुतण्याचा मुद्दाहि अर्धाच खरा आहे. त्यास आवडलेल्या टीटीचाच इतिहास पाहावा. पहिल्या अवताराच्या वेळीं जर्मनींतील मोकळ्या महामार्गांवर अतिवेगांत अपघात होऊं लागले, तेव्हां कारखान्यास विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांस मागील बाजूस पंखासारखी पट्टी, सुधारलेल्या कमानी आणि तोल संभाळणारी विद्युत्‌योजना, म्हणजे ईएस्‌पी, बसवून द्यावी लागली. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९९७ च्या अखेरीस, मर्सिडीझची ए-क्लास ही उंच लहान मोटार स्वीडनमधील पत्रकारांनीं घेतलेल्या वळण-परीक्षेंत उलटली होती, आणि तिच्यावरहि हाच उपाय करावा लागला. एक ठेंगणी, एक उंच; दोघींची चूक निराळी, पण औषध एकच निघालें. ही योजना प्रत्येक चाकास वेगवेगळा ब्रेक लावून घसरणारी गाडी सांवरते. अमेरिकेंत २०१२ च्या प्रतींपासून ती सर्व हलक्या मोटारींस सक्तीची झाली. आपल्याकडील जुन्या गाड्यांत मात्र एकाच नांवाच्या एका प्रतींत ती असते व दुसरींत नसते. म्हणून मोटार कोणतीहि घ्या, ईएस्‌पी आहे कीं नाहीं हें दलालाच्या तोंडावर विसंबून न राहतां कारखान्याच्या पुस्तिकेंत पाहावें, आणि नसल्यास ती प्रत सोडून द्यावी.

वेगाविषयीं एक गोष्ट घरच्या तरुणांस आवर्जून सांगावीशी वाटते. धांवत्या मोटारीचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो; शंभराच्या ऐवजीं एकशेंवीस केले तर वेग पांचवा हिस्सा वाढतो, पण थांबवावयाचा जोर चव्वेचाळीस टक्क्यांनीं वाढतो. साडेपांच सेकंदांत शंभर गांठण्याची शक्ति हातीं असणें हा दोष नव्हे. ती शक्ति दाखविण्यास सार्वजनिक रस्ता ही योग्य जागा नव्हे, एवढेंच.

आतां सूनबाईंच्या ओळीकडे वळूं. मोटारीची सुरक्षितता म्हटली कीं आपण आंत बसलेल्यांचाच विचार करतों. बाहेर उभ्या असलेल्यांचा करीत नाहीं. अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, ज्या गाड्यांच्या नाकाडाची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे त्यांची धडक बसल्यास पायीं चालणारा दगावण्याचा संभव ठेंगण्या व उतरत्या नाकाच्या गाड्यांहून सुमारें पंचेचाळीस टक्क्यांनीं अधिक असतो. ठेंगणी गाडी पायांस लागते. उंच गाडी छातीस व डोक्यास लागते. शिवाय उंच नाकाच्या अगदीं पुढें आणि शेपटीच्या अगदीं मागें जो पट्टा चालकास दिसत नाहीं, त्यांत तीन वर्षांचें मूल सहज मावतें. अशा अपघातांत गाडी काढणारा बहुधा त्या मुलाचा बाप, काका किंवा आजोबाच असतो. ह्याहून दारुण प्रसंग घरावर कोणता यावा?

हा धोका कूपेसहि आहे, कारण तिची मागील कांच लहान व तिरकी असते. परंतु एस्‌यूव्हींत तो अधिक आहे. मागें घेतांना सूचना देणारी यंत्रणा आपल्याकडे नव्या मोटारींस १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पत्रांतील दोन्ही मोटारी त्याच्या आधींच्या आहेत. तेव्हां यंत्रणा व मागील कॅमेरा आहे ना, चालतो ना, हें तपासावें; नसल्यास पहिल्याच आठवड्यांत बसवून घ्यावा. आणि यंत्रावर भिस्त न ठेवतां घरांत एक नियम करावा : गाडी अंगणांतून हलविण्यापूर्वीं एका मोठ्या माणसानें मुलास हातीं धरून ओट्यावर उभें राहावें व 'काढा' म्हटल्याशिवाय एंजिन सुरू करूं नये. ह्या नियमास खर्च कांहींच नाहीं.

आतां पैशाचा विचार. दोन्ही मोटारींची आजची किंमत सारखी, म्हणून खर्चहि सारखा, असें समजणें ही मोठी फसगत होय. जुन्या मोटारीची किंमत उतरते; तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. टीटी नवी असतांना साठ लाखांच्या घरांतील मोटार होती, आणि आजहि तिचा दिवा फुटला किंवा कमान गेली तर बिल साठ लाखांच्या मोटारीचेंच येतें. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशांतली ती गत आहे. शिवाय उत्पादन बंद झालेलें, गाड्या देशांत मोजक्या, जाणते कारागीरहि मोठ्या शहरांतच. फॉर्च्युनरचे भाग स्वस्त आहेत असें नाहीं, परंतु ती संख्येनें पुष्कळ असल्यामुळें जिल्ह्याच्या गांवींहि तिचा कारागीर सांपडतो आणि विकतांना गिऱ्हाईकहि सांपडतें. विम्याच्या बाबतींत एक गंमत आहे. तृतीय पक्षाचा विमा एंजिनाच्या आकारावर ठरतो, आणि दीड लिटरच्या वर सर्वांस एकच दर आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेला तो दर वर्षास ७,८९७ रुपये होता. म्हणजे दोघांची गाडी आणि सातांची गाडी ह्या बाबतींत एकाच पंक्तीस बसतात. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र निराळा, आणि महागड्या भागांमुळें कूपेच्या बाबतींत त्यांत काटकसर करूं नये.

इंधनाचाहि प्रश्न आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण बहुतेक सर्वत्र अंमलांत आलें. २०२३ पूर्वींच्या बहुसंख्य मोटारी त्याहून कमी मिश्रणासाठीं बनविलेल्या आहेत. कूपेच्या झांकणाच्या आंतील बाजूस काय लिहिलें आहे तें वाचून मगच निर्णय करावा.

पसंत पडलेली मोटार तपासावी कशी हें थोडक्यांत सांगतों. ती सकाळीं, एंजिन थंड असतांना पाहावी; विक्रेत्यानें आधींच तापवून ठेविली असल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर चिखलाचा डाग किंवा कुबट वास असल्यास ती पुरांत बुडालेली असण्याचा संभव आहे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर तरी आपल्याकडील गिऱ्हाइकानें हें विसरूं नये. टायरवर चार आंकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा कांटा मागें फिरवितां येतो, म्हणून त्यापेक्षां सर्व्हिसच्या नोंदींवर विश्वास ठेवावा. फॉर्च्युनर उचलून तिचा सांगाडा गंज व जोडकाम ह्यांसाठीं पाहावा. ती कोंकणपट्टींत वापरलेली असल्यास दुप्पट बारकाईनें. टीटीचें पोट गतिरोधकांवर घासलें आहे काय तें पाहावें. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा असें शास्त्र आहे. आपल्या गल्लींतील गतिरोधकानें हें शास्त्र वाचलेलें नसतें, आणि त्याचें प्रायश्चित्त ठेंगण्या मोटारीस घ्यावें लागतें. तिच्या दुहेरी क्लचच्या गिअरपेटींतील तेल ठराविक अंतरानंतर बदललें होतें काय, ह्याचा लेखी पुरावा मागावा. दोन्ही मोटारी विक्रेत्याशीं संबंध नसलेल्या कारागिराकडून तपासून घ्याव्या. त्याची मजुरी ही खर्चांतील सर्वांत शहाणी रक्कम समजावी.

कागदपत्रांत हयगय करणें म्हणजे संकटास निमंत्रण. नोंदणी-पुस्तकांतील सांगाड्याचा व एंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. मोटारीवर कर्ज असल्यास तें फिटल्याची नोंद पुस्तकावर झाल्यावांचून पैसे देऊं नयेत. २९ व ३० क्रमांकाचे नमुने विक्रीसाठीं लागतात. परप्रांतींची गाडी असल्यास २८ क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला लागतो. दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर २०१५ मध्यें हरित न्यायाधिकरणानें निर्बंध घातला व २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला, तेव्हांपासून तिकडील गाड्या स्वस्तांत इकडे येऊं लागल्या. २०२५ मध्यें न्यायालयानें त्या निर्बंधास मुरड घातली असली तरी अशा स्वस्ताईचें कारण विचारून घ्यावेंच. घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत नांव बदलण्याचा अर्ज व चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. आणि आपली थकलेली जुनी मोटार ज्यास विकाल त्याच्याहि नांवावर ती चढली ना, हें पाहावें. कागदावर ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. मोटार पूर्वींच विकून टाकली होती ही सबब त्या खटल्यांत मूळ मालकाच्या उपयोगीं पडली नाहीं.

एवढें सारें पाहिल्यावर कौल कोणास द्यावा? पुतण्याच्या हौसेस हंसण्याचा आमचा विचार नाहीं. सुंदर यंत्राचें प्रेम हें सुंदर वाद्याच्या प्रेमासारखेंच आहे, आणि स्वतः कष्टानें मिळविणाऱ्या तरुणास एखादी हौस असूं नये असें म्हणणारें घर सुखी घर नव्हे. उलट, काकांची एस्‌यूव्ही केवळ गरजेपोटीं आहे असेंहि आम्हांस वाटत नाहीं. सात माणसांस आरामांत नेणें एवढाच हेतु असता, तर त्याच कारखान्याची, तशाच सांगाड्यावर बांधलेली इनोव्हा त्यांनीं पाहिली असती. तिच्या आसनांवर वृद्धांस चढणें अधिक सोपें आणि मागच्या रांगेंत जागाहि बरी. फॉर्च्युनरमधील तिसऱ्या रांगेंत बसून आणि सामानास थोडकी जागा ठेवून ताम्हिणी घाट उतरणाऱ्या सूनबाईंना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. काकांस उंच मोटारीचा रुबाब हवा आहे. पुतण्यास ठेंगण्या मोटारीचा डौल हवा आहे. हौस दोघांचीहि आहे. पुतण्यानें ती कबूल केली आहे, इतकाच फरक.

तरीहि घरांत मोटार एकच राहणार असेल, आणि तिच्यांत निम्मा पैसा सामाईक शिलकेचा पडणार असेल, तर ती दोघांची असून चालणार नाहीं. आजारी माणसास अपरात्रीं रुग्णालयांत न्यावयाचें आहे, गणपतीस कोंकणांत जावयाचें आहे, आजीस कुलदैवताचें दर्शन घडवावयाचें आहे. दहा माणसांच्या पैशाची मोटार ह्या कामांस नाहीं म्हणूं शकत नाहीं. म्हणून ह्या दोहोंपैकीं एस्‌यूव्हीच घ्यावी असें आमचें मत आहे. मात्र तीन अटींवर. पहिली, विसार देण्यापूर्वीं आजींस प्रत्यक्ष नेऊन तिच्यांत चढवून-उतरवून पाहावें, आणि त्यांच्या गुडघ्यांनीं नापसंती दर्शविली तर मुकाट्यानें इनोव्हा पाहावी. दुसरी, ईएस्‌पी आणि मागील कॅमेरा ह्यांवांचून मोटार घरीं आणूं नये.

तिसरी अट पुतण्याविषयीं आहे व आमच्या मतें तीच महत्त्वाची. त्याचा निम्मा पैसा जर त्याच्या मनाविरुद्ध घरच्या मोटारींत जात असेल, तर तो त्याच्या नांवें वहींत मांडून ठेवावा आणि ठरल्या हप्त्यांनीं सामाईक शिलकेंतून त्यास परत करावा. तो फिटला म्हणजे त्यानें स्वतःच्या पैशानें, स्वतःच्या जबाबदारीवर कूपे घ्यावी. त्या वेळीं घरांतील कोणीं भुंवई उंचावूं नये. मिळविता मुलगा मुकाट्यानें पैसे देतो म्हणून त्यास कांहीं वाटत नाहीं असें समजण्यांतच पुष्कळ एकत्र कुटुंबांचा पाया खचला आहे. मोटार आठ-दहा वर्षांत मोडींत जाते. मनांतील अढी मात्र तितक्या सहजासहजीं जात नाहीं. वहींतील ती एक नोंद दोन्ही गोष्टी संभाळील.